आमच्या सोसायटीच्या मॅनेजिंग कमिटीला खुलं पत्र : पत्रपेट्या भंगारात घालू नका

प्रति,
चेअरमन काका, सेक्रेटरी साहेब, खजिनदार ताई आणि कमिटीतले बाकी सगळे,

स.न.वि.वि.

खरं तर हे मी आपल्या व्हॉट्सॅप ग्रुपवरच लिहिणार होते, पण दिवाळीतल्या त्या फटाक्यांच्या भांडणानंतर तुम्ही ग्रुप अ‍ॅडमिन-ओन्ली करून टाकलाय, आता तिथे फक्त टँकर कधी येणार आणि सुविचार एवढंच येतं आणि तेही तुमचंच, म्हणून हे खुलं पत्र. आणि खुलं अशासाठीही की आपल्या गल्लीतल्या आणखी दोन सोसायट्यांनी लॉबी नवीन करताना हेच केलंय, मग एकदाच सगळ्यांना वाचू दे.

विषय तुम्हाला माहितीये. नोटीस बोर्डावरची मंगळवारची नोटीस. "लॉबी नूतनीकरणानिमित्त जुन्या पत्रपेट्या काढून टाकण्यात येत आहेत, सभासदांनी रविवारपर्यंत आपापल्या पेट्या रिकाम्या कराव्यात, यापुढे टपाल वॉचमन केबिनमध्ये ठेवले जाईल." खाली सही, शिक्का. (शिक्का मात्र काय सुंदर मारलाय, गोल, स्वच्छ, एक अक्षर पुसट नाही. असा शिक्का मला तिकिटावर मिळाला तर मी आठवडाभर खूश असते.)

मी त्याच दिवशी जिन्यात चेअरमन काकांना गाठलं तर काका म्हणाले, अगं आता कोण पत्रं पाठवतं, त्या पेट्यांमध्ये पाली राहतात नुसत्या. पालीचं खरं आहे. पण माझ्या बी-११ च्या पेटीत पालीबरोबर मागच्या महिन्यात लिथुआनिया, चिली, जपान आणि जर्मनीतून मिळून सात कार्डं येऊन गेली. त्याबद्दलच सांगायचंय, जरा लांबेल, चहा घेऊन बसा.

मी २०१६ पासून परदेशातल्या लोकांशी पोस्टकार्डांची देवाणघेवाण करते. ओळखीच्या नाही, पूर्ण अनोळखी लोकांशी. पोस्टक्रॉसिंग म्हणून एक प्रकार आहे, पोर्तुगालच्या पाउलो मॅगल्हाइश नावाच्या माणसाने १४ जुलै २००५ ला सुरू केला, त्याला स्वतःला पेटीत बिलं सोडून दुसरं काहीतरी यावंसं वाटत होतं एवढंच कारण. भिशीसारखं आहे साधारण. तुम्ही पत्ता मागायचा, तुम्हाला जगातल्या कुणाचातरी पत्ता आणि एक नंबर मिळतो, कार्डावर तो नंबर घालून पाठवायचं, त्या माणसाला कार्ड पोचलं की तो नंबर नोंदवतो, आणि तो नोंदवला की मग तुमचा पत्ता तिसऱ्याच कुणाला तरी जातो आणि तो तुम्हाला पाठवतो. ज्याला तुम्ही पाठवलं त्याच्याकडून उलट येत नाही, ही गंमत आहे. सुरुवातीला पाचच पत्ते मिळतात, कार्डं पोचत गेली की हळूहळू जास्त. पाच कोटी कार्डांचा आकडा त्यांनी केव्हाच ओलांडलाय, म्हणजे काका, "कोण पाठवतं"चं उत्तर एवढं आहे.

आता यात तुमच्या लॉबीचा संबंध कुठे येतो ते बघा. कार्ड साठ दिवसांत नोंदलं गेलं नाही तर ते एक्स्पायर्ड धरतात. समजा तिकडे एस्टोनियात एखाद्या बाईने दुकानात उभं राहून माझ्यासाठी कार्ड निवडलं, त्याला मॅचिंग तिकीट शोधलं, बर्फातून पेटीपर्यंत चालत गेली, ते कार्ड विमानाने आलं, मुंबईतून पुण्यात आलं, ४११०३८ च्या पोस्टात आलं, आपल्या पोस्टमनदादांच्या पिशवीत आलं, आणि शेवटच्या पंधरा फुटांत केबिनमधल्या पंख्याखालून उडून गेलं. की गेलं. तिला वाटणार इंडियात पोचतच नाही.

हे मी मनाने रचून सांगत नाहीये. दोन वर्षांपूर्वी बिल्डिंगला रंग दिला तेव्हा दोन महिने पेट्यांवर प्लास्टिक टाकलं होतं आणि टपाल केबिनमध्ये जात होतं, आठवतंय? त्या दोन महिन्यांत माझी किती कार्डं आली आणि किती गेली ते मला आजही माहीत नाही, पण मिळाली त्यातलं एक मीटरच्या खोलीत पाण्याच्या बाटलीखाली कोस्टर म्हणून होतं, एक पावसात भिजून पापडासारखं फुगलेलं, शाई वाहून सगळा मजकूर निळा झालेला, फक्त "डिअर" वाचता येत होतं, आणि एकाच्या मागे वॉचमनकाकांनी कुरियरवाल्यांचे गाडीनंबर लिहून ठेवले होते. ते कार्ड मी जपून ठेवलंय. पुढे लाटव्हियाचा समुद्रकिनारा, मागे एमएच बारा. वॉचमनकाकांचा दोष नाही हां. बारा तासांची ड्यूटी, त्यात गेट, पंप, भाजीवाले, दिवसाला चाळीस डिलिव्हरी बॉय, आणि आता टपालखात्याचीही नोकरी बिनपगारी?

शिवाय ते वाचणार कसं. पत्ता वाचणं ही कला आहे. जर्मन किंवा ऑस्ट्रियन माणूस इंग्रजी एक लिहितो तेव्हा त्याला डावीकडून एवढी लांब शेंडी काढतो की आपल्याला तो सरळसरळ सात वाटतो, आणि त्यांच्या साताच्या पोटात एक आडवी रेघ असते म्हणून त्यांचा घोटाळा होत नाही, आपला होतो. म्हणजे मी बी-११ ची बी-७७ होते आणि पिनकोड होतो ४७७०३८. आपल्या पोस्टमनदादांना हे आता पाठ झालंय, ते म्हणतात ताई शेंडीवाला आला की तुमचाच. त्यांना नाव दिसतं, पेटीवरचं नाव दिसतं, ते टाकतात आणि वर तोंड करून "सुओमी आलंय!" असं ओरडतात. पहिल्यांदा मला विचारलं होतं हे सुओमी कुठं आलं, म्हटलं फिनलंड, तिकिटावर ते स्वतःच्या भाषेतलं नाव छापतात. तेव्हापासून ते देश ओळखायच्या नादाला लागलेत. ब्रिटनच्या तिकिटावर मात्र अडकले कारण त्यावर देशाचं नावच नसतं, जगात पहिलं चिकटवायचं तिकीट १८४० ला त्यांनीच काढलं, म्हणून फक्त राजा-राणीचं डोकं छापायचं, ओळखा आम्ही कोण. पुणेकरांना हा स्वभाव समजायला हरकत नाही.

पत्त्यावरून आठवलं. आपला पत्ता म्हणजे "अमुक मंगल कार्यालयासमोर, तमुक बँकेमागे", तेही लोक इमानदारीत चित्र काढल्यासारखं उतरवतात. नेदरलँड्सच्या एका आजींनी कार्डात खाली विचारलं होतं की तुमच्या घरात हे "ऑप" कोण आहेत, त्यांनाही नमस्कार सांगा. मी अपोझिटचा शॉर्टफॉर्म लिहिलेला. मंगल कार्यालयाला नमस्कार कळवला.

पिनकोड निघालाच आहे तर सांगते, हा जो सहा आकडी नंबर आपण दिवसातून दहा वेळा डिलिव्हरी अ‍ॅपमध्ये टाकतो तो एका मराठी माणसाने आणलाय, श्रीराम भिकाजी वेलणकर, केंद्राच्या दळणवळण मंत्रालयात मोठ्या हुद्द्यावर होते आणि संस्कृतचे कवीही होते. १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला. सारख्या नावाची गावं, दहा प्रकारच्या लिप्या, कोणी काय लिहील आणि कुठे जाईल याचा नेम नाही, म्हणून आकडे. म्हणजे तुमची बिर्याणी ज्या नंबरावर येते तो मूळचा पत्रांसाठी केलेला आहे. पार्सलसाठी नवीन रॅक करताय, चांगली गोष्ट आहे, पण ज्यांच्या जिवावर रॅक भरणार त्या पत्रांना हाकलून?

माझं हे खूळ बाबांकडून आलंय. बाबा बँकेत होते आणि परदेशी पाकिटं येणाऱ्या खात्यातला एक मित्र त्यांना तिकिटांचे कोपरे कापून द्यायचा. रविवारी दुपारी परातीत कोमट पाणी, त्यात ते तुकडे टाकायचे, वीस मिनिटांनी तिकीट कागदापासून अलगद सुटून वर येतं, मग चिमट्याने उचलून रद्दी पेपरवर उलटं वाळत घालायचं आणि वर गाथा किंवा ज्ञानेश्वरी असलं काहीतरी जड ठेवायचं. आई ओरडायची, परात सोवळ्याची आहे. (हल्लीच्या अमेरिकन तिकिटांना हा उपाय चालत नाही, स्टिकर असतात, पाण्यात दिवसभर ठेवा, ढिम्म. ती कागदासकट कापून ठेवायची.) मला देशांची नावं भूगोलाच्या पुस्तकाआधी तिकिटांवरून कळली आणि तीही सगळी चुकीची, म्हणजे त्यांच्या मते बरोबर. हेल्व्हेशिया म्हणजे स्वित्झर्लंड, मग्यार पोश्टा म्हणजे हंगेरी, नोर्गे म्हणजे नॉर्वे, आणि सीसीसीपी म्हणजे सोव्हिएत युनियन. चौथीत मी हेल्व्हेशिया नकाशात शोधत बसले होते.

त्या अल्बममध्ये बाबांचं लाडकं तिकीट परदेशी नव्हतं. धोंडो केशव कर्व्यांचं, १९५८ चं, १५ नये पैशांचं. कर्वे शंभर वर्षांचे झाले त्या दिवशी निघालं, १८ एप्रिल, आणि स्वतः कर्वे तेव्हा हयात होते, स्वतंत्र भारतात जिवंत माणसाचं तिकीट निघालं ते पहिलं. १९६२ पर्यंत होते ते. म्हणजे हिंगण्यात बसून त्यांना स्वतःचाच चेहरा लावलेलं पत्र येऊ शकत होतं. आपण कर्वे रोडवर रोज ट्रॅफिकला शिव्या घालतो, पुतळ्याला वळसा घालून घरी येतो, हे किती जणांना माहितीये? मी परदेशात कार्ड पाठवताना कधी कधी हे लिहिते, आमचा रस्ता ज्यांच्या नावाचा आहे त्यांनी विधवांसाठी शाळा काढली आणि पुढे बायकांसाठी विद्यापीठ, आणि ते स्वतःचं तिकीट बघून गेले. लोकांना फार आवडतं.

आणि अजून एक पुण्याचं, हे आटोपतं घेते. आशियातलं पहिलं चिकटवायचं तिकीट सिंधमध्ये निघालं, १८५२, सिंध डाक, लाल लाखेच्या गोल चकतीसारखं, अर्ध्या आण्याचं. लाखच ती, तडकायची, फुटायची, म्हणून आज फार थोडी शिल्लक आहेत. ते काढणारा कमिशनर बार्टल फ्रिअर. हाच पुढे मुंबई इलाख्याचा गव्हर्नर झाला आणि गणेशखिंडीत स्वतःसाठी बंगला बांधायला घेतला, तो बंगला म्हणजे आपल्या विद्यापीठाची मेन बिल्डिंग. सेक्रेटरी साहेब, तुमची मुलगी तिथेच शिकते ना, तिला सांगा.

पाठवायला पुण्याची कार्डं मिळणं हा एक वेगळाच वैताग आहे. ताजमहाल सगळीकडे, शनिवारवाडा शोधायचा तर चार दुकानं फिरा. त्यामुळे मी स्वतःच फोटो काढून स्टुडिओत चार बाय सहाच्या जाड प्रिंटा काढते, ढोल-ताशा, सारसबागेतली मांजरं, पावसातली पर्वती, आणि सदाशिव पेठेतल्या पाट्या. पाट्यांना सगळ्यात जास्त डिमांड, मागे भाषांतर लिहून देते. तैवानच्या एका मुलाने "बेल एकदाच वाजवावी, आम्ही बहिरे नाही" हे स्वतःच्या दाराला चिनीत करून लावलंय.

मग ते घेऊन पोस्टात. कुठलं पोस्ट ते लिहीत नाही, पण एकदा काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, एवढं चांगलं कार्ड उघडं का पाठवता, पाकिटात घाला की, पोस्टमन वाचेल! म्हटलं वाचू दे ना. कार्डाची मजाच ती आहे. ऑस्ट्रियात इमॅन्युएल हेरमान नावाच्या अर्थशास्त्राच्या प्रोफेसरने सुचवलं आणि १ ऑक्टोबर १८६९ ला जगातलं पहिलं सरकारी पोस्टकार्ड निघालं, तेव्हाही सभ्य लोकांना हीच भीती, नोकरचाकर वाचतील. पण स्वस्त होतं, थोडक्यात काम होत होतं, लोक तुटून पडले. आपल्याकडे १ जुलै १८७९ ला आलं, एका पैशाला, म्हणजे पाव आण्याला. आपल्या आज्या-पणज्यांची "इकडील सर्व क्षेम" त्यावरच चालली. आता २०२० पासून १ ऑक्टोबर हा जागतिक पोस्टकार्ड दिवस पाळतात, आणि तोही पहिलाच सुरू झाला ऐन करोनात, विमानं बंद, परदेशी टपाल ठप्प, तेव्हा. मार्चमध्ये निघालेली तीन कार्डं मला त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये मिळाली, एकात लिहिलं होतं "इथे कसलातरी ताप आलाय म्हणतात, काळजी घ्या."

२०२५ च्या ऑगस्टअखेर पुन्हा तसंच. अमेरिकेने लहान पार्सलवरची ड्यूटीची सूट काढली, आणि त्या गोंधळात आपल्याकडून तिकडे जाणारं टपालच ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत अडकलं. माझ्या कार्डावर होता पर्वतीचा फोटो आणि साबुदाण्याच्या खिचडीची कृती. त्यावर काय ड्यूटी लावणार होते देव जाणे.

खिचडीचं मात्र सांगायलाच हवं. बरेच लोक आपल्या माहितीत लिहितात की तुमच्याकडचा एखादा पदार्थ लिहा. कार्डाची अर्धी बाजू पत्ता आणि तिकिटं खातात, उरलेल्या चार बोटं जागेत मी खिचडी बसवली, दाण्याचं कूट, मिरची, जिरं, तूप, बटाटा, सगळं. फक्त "साबुदाणा रात्री भिजत घालणे" एवढी एक ओळ बसली नाही, म्हटलं हे काय सांगायचं, कुणालाही कळतं. फिनलंडच्या एका काकांनी तो तसाच कोरडा कढईत टाकला, मग कडक राहिला म्हणून पाणी ओतलं, आणि पुढे झालं ते त्यांनी लिहून पाठवलं की "आम्ही हे भिंतीचा कागद चिकटवायला वापरू शकतो." मी सहा हजार किलोमीटरवरून दुसरं कार्ड पाठवलं. त्यावर एकच वाक्य, भिजत घाला. पुढच्या वेळी जमली त्यांना, आता दर हिवाळ्यात करतात, उपास नसताना.

बरं, तुम्ही म्हणाल आम्ही काय करू, जगच बदलतंय. डेन्मार्कचं उदाहरण द्याल, मीच देते. तिथे २०२५ च्या शेवटी सरकारी पोस्टाने पत्रं वाटणं बंद केलं, चारशे वर्षांचा कारभार, रस्त्यांवरच्या दीड हजार लाल पेट्या उपटल्या. पण त्या पेट्या विकायला काढल्या तर लोकांनी काही तासांत उचलल्या, हजारो रुपये मोजून. आपण एकोणनव्वद सालच्या सागवानी पेट्या, सुताराने घडवलेल्या, पितळी कड्यांसकट, भंगारवाल्याला किलोवर देतोय. खजिनदार ताई, सागवानाचा भाव बघा एकदा.

आणि दुसरी उदाहरणंही आहेत ना. तैवानला तैपेईत २०१५ च्या ऑगस्टमध्ये वादळ आलं, एक साइनबोर्ड पडून रस्त्यावरच्या दोन पत्रपेट्या मान वाकडी केल्यासारख्या तिरक्या झाल्या, एक लाल एक हिरवी. त्यांच्या पोस्टाने त्या सरळ केल्या नाहीत की काढल्या नाहीत, लोकांना आवडल्या म्हणून तशाच ठेवल्या, रांगा लावून फोटो काढतात. माझ्याकडे त्यांचं कार्ड आहे. जपानात सुसामी गावाला समुद्राच्या तळाशी पेटी आहे, पाण्यात बुडी मारून कार्ड टाकायचं. आणि जर्मनीत ऑइटिन गावाजवळच्या जंगलात एक जुना ओक आहे, त्याच्या ढोलीला पोस्टाचा रीतसर पत्ता आणि कोड आहे, १९२७ पासून पोस्टमन शिडी लावून त्या ढोलीत पत्रं टाकतो, लग्न जुळवायला लोक लिहितात तिथे, कुणीही काढून वाचावीत. त्यावरून खरंच लग्नं झालीत. काका, जर्मनीत एका झाडाला पत्रपेटी आहे आणि आपल्या अठ्ठावीस फ्लॅटना नसणार.

आणि फक्त माझाच प्रश्न आहे असंही नाही. मी चार दिवस जाता-येता झाकणं उघडून बघितली (हो, बघितली, कुलूप कुणालाच नाहीये), त्यात एलआयसीच्या नोटिसा होत्या, दोन लग्नपत्रिका होत्या, कुणाचातरी दिवाळी अंक होता, बँकेचं पत्र होतं आणि सी-३ च्या पेटीत २०१९ ची टॅक्सची आठवण होती. सी-३ वाल्यांनी बघून घ्यावं.

आणि ए-४ चे आजोबा. ते रोज साडेबाराला खाली येतात, पेटी उघडतात, काही नसतं, बंद करून जातात. मला वाटायचं बिचारे वाट बघतात, म्हणून गेल्या गणपतीत मी त्यांना एक कार्ड टाकलं, रीतसर तिकीट लावून, पोस्टाच्या डब्यात, फिरून आपल्याच बिल्डिंगमध्ये. तिसऱ्या दिवशी तेच कार्ड माझ्या पेटीत परत आलं, लाल पेनने शुद्धलेखन तपासून. "आशिर्वाद" नव्हे "आशीर्वाद". खाली दहापैकी साडेपाच. मग मी दुसरं टाकलं. आता हे महिन्यातून दोनदा चालतं, माझा हायस्कोअर साडेसात आहे. वाट-बिट काही बघत नव्हते, पायऱ्या उतरायचा व्यायाम डॉक्टरांनी सांगितलाय म्हणून यायचे, हे त्यांनीच चौथ्या कार्डात लिहिलं.

आपल्या बिल्डिंगमधली सहावी-सातवीतली चार पोरंही शनिवारी माझ्याकडे तिकिटं बघायला येतात. पहिल्या दिवशी एकाने विचारलं, हे स्कॅन कुठे करायचं. मी हसले, मग जर्मनीचं नवीन तिकीट काढून दाखवलं, २०२१ पासून त्यावर खरंच चौकोनी कोड असतो, स्कॅन होतो. तो माझ्याकडे असा बघायला लागला की आता हसायची पाळी कुणाची. चंदनाचं तिकीट त्यांना फार आवडलं, आपल्याकडचं २००६ चं पहिलं सुवासिक, वास आता गेलाय पण चौघंही नाक लावून "येतोय येतोय" म्हणत होती. भूतानने १९७२ मध्ये वाजणारी तिकिटं काढली होती, छोट्या रेकॉर्डी, प्लेअरवर लावली की गाणं, ते माझ्याकडे नाही, फार महाग आहे, कुणाच्या माळ्यावर असेल तर भंगाराआधी मला सांगा. आणि आई-बाबांसाठी कामाची गोष्ट, सहावी ते नववीच्या मुलांना तिकिटांच्या छंदासाठी टपालखात्याची स्कॉलरशिप आहे, दीनदयाळ स्पर्श योजना, वर्षाला ६००० रुपये. शाळेत फिलाटेली क्लब लागतो, नसेल तर मुलाने स्वतःचं डिपॉझिट खातं काढायचं, दोनशे रुपयांत निघतं. साधू वासवानी चौकातल्या जीपीओत जाऊन विचारा. मी दोघांना घेऊन गेले होते, रिक्षाला जास्त पैसे गेले.

आता माझं म्हणणं. लॉबी करा, आरसा लावा, ती खोटी झाडंही ठेवा, माझी काही हरकत नाही. पेट्या दर्शनी भिंतीवर नको असतील तर जिन्याखाली जिथे आत्ता मोडकी सायकल आणि गणपतीचं मखर आहे तिथे लावा, पाऊस येत नाही, पोस्टमनदादांना दिसतं, मी त्यांना विचारलंय, ते म्हणाले चालेल. घासून पॉलिश करायचा खर्च मी देते, सुतार बघून ठेवलाय, कोटेशन खजिनदार ताईंच्या दाराखाली सरकवलंय. ज्यांना पेटी नको असेल त्यांनी तसं लिहून द्यावं, मी ती घेईन, माझी एक आता पुरत नाहीच आहे. फक्त नावाच्या पट्ट्या काढू नका. ज्यांची माणसं गेली त्यांच्याही राहू द्या, पोस्टमन बदलला तरी त्याला नावावरूनच घर सापडतं.

भंगारवाला रविवारी अकराला येणार असं वॉचमनकाका म्हणाले. मी साडेनऊपासून पेट्यांसमोर खुर्ची टाकून बसणार आहे. हे आंदोलन वगैरे नाही, मला तशीही त्या दिवशी बारा कार्डं लिहायचीत. तुम्ही आलात तर एक तुम्हीही लिहा, पत्ता मी देते, काका तुम्हाला ब्राझीलचा ठेवलाय, फुटबॉल बघता म्हणून.

कळावे,
बी-११ (शेंडीवाले)

ता.क. हे पत्र ए-४ च्या आजोबांना आधी वाचायला दिलं होतं. तेवीस चुका निघाल्या. "नोटीस बोर्ड"ला "सूचनाफलक" करा म्हणाले. केलं नाही. मार्क सहा.